काळाला साजेशी रिम

इंग्लंडमधील नॉटिंगहॅम किंवा वर्कसॉप येथे १९५० ते १९८० या काळात बनलेली एखादी रस्त्यावरची हलकी सायकल पूर्वरूपाला आणण्याचे काम जेव्हा कोणी हाती घेतो, तेव्हा त्याचे लक्ष प्रथम रंगाकडे, चामड्याच्या सीटकडे आणि हँडलवरच्या पट्टीकडे जाते. रिमचा विचार बहुधा शेवटी येतो, आणि तोही 'बाजारात मिळेल ती बसवू' अशा तऱ्हेने. वास्तविक हा क्रम उलटा असावयास हवा. रिमवरून टायरचे माप ठरते, टायरवरून फ्रेममध्ये उरणारी मोकळी जागा ठरते, ब्रेकचा गुटका कोठे टेकेल हे ठरते, आणि उतारावर सायकल थांबेल की नाही हेही तेथेच ठरते. पुढे ती सायकल विकावयाची झाली, तर जाणकार गिऱ्हाईक वाकून पाहते तेही आधी चाकांकडेच.

आपल्याकडील वाचकाच्या नजरेला रिम म्हणजे काय, तर काळ्या रोडस्टर सायकलची रिम. दुकानासमोर उभी असणारी, मागे कॅरिअरवर मालाचे गठ्ठे वाहणारी ती सायकल मूळची इंग्रजी घडणीची. मद्रासजवळच्या अंबत्तूर येथील टीआय सायकल्स १९४९ साली, सोनिपतची अ‍ॅटलास १९५१ साली आणि लुधियानाची हीरो १९५६ साली सुरू झाली. या कारखान्यांनी ती इंग्रजी घडण पिढ्यान् पिढ्या जशीच्या तशी चालविली. २८ × १ १/२ हे तिचे माप. तिच्या पुढच्या चाकाच्या तारा मोजल्या तर ३२ भरतात आणि मागच्या ४०. ज्यांच्या घरी अशी सायकल अजून आहे त्यांनी मोजून पाहावे. पुढे कमी आणि मागे जास्त, हा हिशेब इंग्रजी कारखानदारांचा आहे. वजन मागच्या चाकावर अधिक पडते, म्हणून तेथे आठ तारा जास्त. फ्रान्स व इटलीमध्ये मात्र दोन्ही चाकांना ३६-३६ तारांची रीत होती.

या रोडस्टरच्या रिमला वेस्टवूड घडणीची रिम म्हणतात. तिच्या दोन्ही कडा नळीसारख्या आत वळलेल्या असतात आणि मधला भाग फुगीर असतो. सळ्यांनी ओढला जाणारा ब्रेक तिला बाजूने धरत नाही. तो रिमच्या आतील अंगाला, म्हणजे तारा जिकडून येतात त्या बाजूला, खालून वर दाबला जातो. वेगवान सायकलचा ब्रेक निराळा. त्याचे दोन गुटके चाकाला दोन्ही बाजूंनी चिमटीत पकडतात, म्हणून त्याला सपाट बाजूंची रिम लागते. पोलादी रिमच्या अशा सपाट घडणीला इंग्लंडमध्ये एंड्रिक हे नाव आहे. रॅले कंपनीने या दोहोंचा मेळ घालणारी, मध्यभागी फुगीर आणि बाजूंना सपाट अशी स्वतःची रिमही पुष्कळ वर्षे वापरली. हा भेद ज्याला ठाऊक नाही असा कारागीर इंग्रजी वेगवान सायकलला रोडस्टरची रिम चढवून देतो. चाक डौलाने फिरते, आऊटही निघतो. पण ब्रेकच्या गुटक्याला टेकावयास सपाट जागाच मिळत नाही.

मापांचा गोंधळ तर याहून मोठा आहे. व्यापारी माणसाला एकाच नावाखाली पाच प्रतींचा माल विकला जाण्याचा अनुभव असतो. सायकलच्या धंद्यात तो प्रकार शंभर वर्षे राजरोस चालला. '२६ इंची' या एकाच नावाने ओळखल्या जाणाऱ्या रिम मिलिमीटरमध्ये मोजल्या तर ५५९, ५७१, ५८४, ५९० आणि ५९७ अशा पाच निघतात. हा आकडा टायरच्या कडेची तार रिमवर जेथे बसते त्या जागेच्या व्यासाचा. पाचपैकी एकीचा टायर दुसरीवर नीट बसत नाही. इंग्रजी क्लबच्या सायकलींवर १९५० नंतर २७ × १ १/४ हे माप रुळले. त्याचा खरा व्यास ६३० मिलिमीटर. फ्रेंचांचे ७००-सी म्हणजे ६२२. आपल्या रोडस्टरची २८ × १ १/२ म्हणजे ६३५. गंमत अशी की युरोपात अनेक ठिकाणी ६२२ च्या रिमलाही '२८ इंची' म्हणण्याची चाल आहे. म्हणजे तेथील अठ्ठावीस इंची चाक इंग्रजांच्या सत्तावीस इंची चाकाहून लहान. इंच हे येथे मोजमाप राहिलेले नाही, केवळ नाव उरले आहे. ते मूळच्या जाड टायरसकट संपूर्ण चाकाचे स्थूल माप होते. टायर बारीक होत गेले, नाव तेच राहिले.

यावर उपाय सोपा आहे. जुन्या टायरच्या बाजूवर बहुधा '३२-६३०' किंवा '२८-६२२' अशा जोडीने आकडे छापलेले असतात. पहिला रुंदीचा, दुसरा व्यासाचा. दुसरा आकडा वाचावा आणि इंचांकडे पाहूच नये. त्याहून जुन्या टायरवर हे आकडे नसतात. मग रिमच मोजावी लागते.

आता हे फरक किती मोठे, याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. ६३० आणि ६२२ यांत ८ मिलिमीटरचे अंतर. ते व्यासाचे, म्हणून त्रिज्येत ४ मिलिमीटर. २७ इंची रिमच्या जागी ७००-सी बसविली तर ब्रेकचा गुटका ४ मिलिमीटर खाली सरकवावा लागतो. जुन्या सायकलींच्या ब्रेकच्या बाहूंना गुटका वरखाली करण्यासाठी लांबट खाच असते. वाइनमन किंवा माफाक यांच्या लांब बाहूंच्या ब्रेकमध्ये ४ मिलिमीटर बहुधा सहज मिळतात. परंतु गुटका आधीच खाचेच्या तळाशी असेल, तर पुढे जागाच नाही. मग काय होते? गुटक्याची वरची कड रिमवर न टेकता टायरवर टेकते. सपाट रस्त्यावर हे ध्यानात येत नाही. लांब उतारावर टायरची बाजू घासून जाते आणि ट्यूब फुटते, नेमकी ज्या क्षणी थांबावयाचे असते त्या क्षणी.

उलटा प्रकारही होतो. ७००-सी साठी बेताची जागा ठेवून बनविलेल्या शर्यतीच्या फ्रेममध्ये २७ इंची चाक घातले, तर टायर पुढच्या चिमट्याच्या माथ्याला किंवा मागे ब्रेकच्या पुलाला घासतो. आणि ६३० च्या जागी ५९० ची रिम बसविली, तर त्रिज्येत २० मिलिमीटरचा फरक पडतो. तेवढे अंतर भरून काढील असे गुटके त्या ब्रेकमध्ये नसतात. सर्वांत धोक्याची चूक म्हणजे २७ इंचाचा टायर ७००-सी रिमवर चढविणे. तो हाताने सहज चढतो, म्हणून माणूस खूष होतो. हवा भरली की तो रिमवरून उसळून निघतो.

अशा वेळी योग्य रिम कोणती, हे ठरविण्यासाठी आधी सायकललाच विचारावे. तिच्या अंगावर पुरावे असतात. पहिला पुरावा हबचा. हबला किती भोके आहेत ते मोजावे. ३२ आणि ४० असतील तर सायकल इंग्रजी बाजारासाठी बनली असा अर्थ धरावयास हरकत नाही. ३६-३६ असतील तर ती निर्यातीची किंवा वरच्या प्रतीची असू शकते, अथवा तिची चाके मध्यंतरी कोणी बदलली असतील. रॅलेच्या मालकीच्या स्टर्मी-आर्चर कंपनीच्या तीन वेगांच्या हबवर वर्षाचा आकडा ठोकलेला असतो. इटलीच्या काम्पान्योलो कंपनीच्या १९७० च्या दशकातील मागच्या डिरेल्यरवर 'पेटंट' या शब्दापुढे वर्षाचे दोन आकडे असत. फ्रेमच्या नळीवर रेनॉल्ड्स कंपनीचे '५३१' चे चिन्ह टिकले असेल, तर ती नळी १९३५ नंतरची, हे तेवढ्यावरून कळते. अधिक काही नाही, कारण ती नळी पुढे कित्येक दशके वापरली गेली.

या पुराव्यांची किंमत मात्र तारतम्याने करावी. हबवर १९६१ चा आकडा आहे म्हणून सायकल १९६१ चीच असे नव्हे. कारखान्यात शिलकी माल पुढच्या वर्षी वापरला जाई. कोणत्याही पेढीत जातो तसाच. आणि हब हा बदलण्याजोगा भाग आहे. दोन-तीन पुरावे एकमेकांना धरून बोलू लागले की मगच वर्ष निश्चित मानावे. त्यानंतर त्या वर्षाचे कंपनीचे सूचीपत्र शोधावे. रॅले, कार्लटन यांसारख्या कंपन्यांची जुनी सूचीपत्रे जतन झालेली आहेत, आणि त्यांत प्रत्येक नमुन्यापुढे रिमचे माप, कित्येकदा बनावटही दिलेली असते. इंग्लंडमध्ये १९५५ साली स्थापन झालेला व्हेटरन-सायकल क्लब अशा चौकशांना वाहिलेला आहे. त्याचे सभासद एकेका कंपनीच्या फ्रेम-क्रमांकांचा अभ्यास करतात.

येथे सूचीपत्र का लागते, ते सांगितले पाहिजे. एकाच कंपनीच्या, एकाच वर्षाच्या, दिसावयास जवळजवळ सारख्या दोन सायकलींना निरनिराळ्या प्रतीच्या रिम असत. रॅलेने १९६० साली वर्कसॉपची कार्लटन कंपनी विकत घेतली, आणि तिच्या शर्यतीच्या नावाच्या वरच्या सायकली पुढे तेथे बनू लागल्या. त्या काळात खालच्या नमुन्यांना क्रोम चढविलेल्या पोलादी रिम, मधल्यांना अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या आणि सर्वांत वरच्यांना शर्यतीच्या ट्यूब्युलर रिम, अशी साधारण उतरंड होती. हौशी माणूस येथे घसरतो. साध्या नमुन्याला तो सर्वांत महागड्या रिम लावतो आणि 'त्याच काळातील आहेत' म्हणून समाधान मानतो. काळ बरोबर असतो, प्रत चुकते. खादीच्या सदऱ्याला जरीचे काठ लावावेत तसे ते दिसते, आणि जाणणाऱ्याला ते लांबूनही दिसते.

पोलादी रिमविषयी एक गोष्ट बोलली जात नाही, ती येथे सांगणे इष्ट. क्रोम चढविलेली पोलादी रिम ओली झाली की रबरी गुटक्याला दाद देत नाही. कोरड्या रस्त्यावर ठीक चालणारा ब्रेक पावसात क्षणभर काही करतच नाही, मग अवचित धरतो. फ्रान्सच्या रिगिडा कंपनीने पोलादी रिमच्या बाजूंवर बारीक खरखरीत नक्षी उमटवली, ती याच दोषावर उतारा म्हणून. इंग्लंडच्या पावसात लोक अशा सायकली कसोशीने चालवीत आले. परंतु कोकणाच्या किंवा सह्याद्रीच्या घाटात जुलै महिन्यात ती परीक्षा घेण्याचे कारण नाही. मूळची पोलादी रिम दाखविण्यासाठी ठेवावयाची असेल तर ठेवावी. सायकल रोज चालवावयाची असेल, तर त्याच मापाची आणि त्याच काळातल्या घडणीची मिश्रधातूची रिम बसविणे शहाणपणाचे. त्या काळच्या स्वारांनीही हेच केले होते; पगार साठला की पहिली सुधारणा चाकांची होई.

आणि येथेच 'काळाला साजेशी' या शब्दांचा अर्थ थोडा रुंदावतो. इंग्लंडमधल्या क्लबच्या स्वाराजवळ पुष्कळदा चाकांच्या दोन जोड्या असत. रविवारच्या घड्याळाविरुद्धच्या शर्यतीला तो साध्या, जड चाकांवर बसून जाई. पुढच्या चाकाच्या अक्षाला दोन पट्ट्या लावून त्यावर शर्यतीची हलकी चाके उभी बांधलेली असत. शर्यतीच्या जागी पोहोचल्यावर चाके बदलावयाची, शर्यत संपली की पुन्हा जड चाके चढवावयाची आणि घरी परतावयाचे. शर्यतीच्या त्या रिमना तेथे 'स्प्रिंट' म्हणत. त्यांना कडा नसतात. उथळ पन्हळीसारखा माथा असतो. टायरच्या आत ट्यूब शिवलेली असते आणि तो आख्खा टायर त्या पन्हळीत चिकटविला जातो. हलक्या स्प्रिंट रिमचे वजन ३०० ते ४०० ग्रॅमच असे. तेव्हा त्या एकाच सायकलला २७ इंची साधी रिमही साजेशी आणि स्प्रिंट रिमही साजेशी. सूचीपत्रात त्यांपैकी एकच छापलेली असेल. जो फक्त सूचीपत्राला धरून बसतो, त्याला कारखान्याच्या दारातून निघालेली सायकल मिळते. तिच्या पुढच्या वीस वर्षांच्या आयुष्याशी त्याची ओळख होत नाही.

पंक्चर झाले तर टायरची शिवण उसवावी लागते, म्हणून स्प्रिंट रिम आज रोजच्या वापराला सोयीच्या नाहीत. सुदैवाने त्यांच्या ब्रेकची जागा ७००-सी च्या जवळजवळ बरोबरीची असते. मूळ सायकल स्प्रिंटची असेल, तर साध्या टायरची ७००-सी रिम तिला ब्रेक न सरकवता बसते. २७ इंची मूळ चाक असलेल्या सायकलला मात्र अजून २७ इंचीच रिम शोधावी. तिचे टायर नाहीसे झाले असा समज आहे. तो खरा नाही. श्वाल्बे, पॅनारेसर, काँटिनेंटल यांनी या मापाचे टायर बनविणे सोडलेले नव्हते. टायर मिळत नाही म्हणून माप बदलणे, हे कारण बहुधा आळसाचे असते.

रिमचा इतिहास फार लांबविण्याचे प्रयोजन नाही. फक्त कोणती खूण कोणत्या काळाची, एवढे ठाऊक असावे. शर्यतीच्या सायकलींना आरंभी लाकडी रिम असत. उतारावर ब्रेकने धातू तापेल आणि टायरचा चिकटपदार्थ वितळेल, ही भीती तेव्हा मोठी होती. १९३४ साली फ्रान्सच्या आंतोनँ मान्य याने टूर द फ्रान्स ही शर्यत जिंकली. त्याची चाके माविक कंपनीच्या ड्युरॅल्युमिन धातूची होती आणि नियमातून सुटण्यासाठी त्यांना लाकडासारखा रंग दिला होता, अशी कथा सायकलप्रेमींत सांगितली जाते. दुसऱ्या महायुद्धानंतर शर्यतीत धातूच्या हलक्या रिम सर्वमान्य झाल्या. फ्रान्सच्या माविक, रिगिडा व सुपर चॅम्पियन, इटलीच्या फियामे, निझी व अँब्रोझिओ, तसेच वाइनमन आणि जपानची आराया, ही नावे १९५० ते १९८० च्या रिमवर वारंवार भेटतात.

१९७५ साली माविकने 'मोड्यूल ई' ही रिम आणली. तिच्या कडा आत किंचित आकड्यासारख्या वळल्या होत्या, त्यामुळे साधा टायरही अरुंद व जास्त दाबाचा करता आला. पुढे हीच घडण सगळीकडे गेली. म्हणून १९५५ च्या सायकलला आकड्याच्या कडांची अरुंद रिम लावली तर ती वीस वर्षे पुढची ठरते. गडद करड्या रंगाच्या, कठीण मुलामा दिलेल्या रिम १९८० च्या दशकातल्या. बाजू यंत्रावर कातून चकचकीत केलेल्या, सांधा वितळवून जोडलेल्या रिम प्रामुख्याने १९९० च्या दशकातल्या आणि नंतरच्या. जुन्या मिश्रधातूच्या रिमचा सांधा आतून खिळी किंवा तुकडा घालून जुळविलेला असतो आणि बारीक रेषेसारखा दिसतो. नवीन खरेदीदार त्या रेषेला तडा समजतो आणि चांगली रिम टाकून देतो. खरा तडा तारांच्या भोकांभोवती शोधावा. रिमवरची टेप काढून, आतून व बाहेरून भिंगाने पाहावे. भोकाच्या कडेपासून केसासारखी रेघ निघाली असेल तर ती रिम भिंतीवर टांगण्याच्या लायकीची, रस्त्याच्या नाही. ब्रेकच्या घर्षणाने बाजू आत वाकल्या आहेत का, हे सरळ पट्टी लावून पाहता येते. पोलादी रिममध्ये गंज आतून भोकांपाशी सुरू होतो. बाहेरचे क्रोम कितीही झळकले तरी आतली स्थिती वेगळी असू शकते.

दाबाचे भानही ठेवावे. आकड्याविना सरळ कडांच्या जुन्या रिमवर ७० पौंडांच्या आसपास थांबणे बरे. टायरवर ९० किंवा १०० छापलेले असते ते टायरचे सामर्थ्य आहे, रिमचे नव्हे. घडी होणारे नवीन टायर अशा रिमवर लावूच नयेत.

इतके पाहून झाल्यावर बहुतेकांपुढे खरी अडचण उभी राहते ती ३२ आणि ४० भोकांची. जुन्या मापातल्या ४० भोकांच्या मिश्रधातूच्या रिम आज दुर्मीळ आहेत, आणि ३६ भोकांच्या त्या मानाने सहज मिळतात. कारागीर सुचवितो की हबच बदलू, ३६ भोकांचे दुसरे हब घालू. सायकलच्या वयाची साक्ष ज्या हबवर कोरलेली आहे, तेच काढून टाकावयाचे, आणि ते एका रिमच्या सोयीसाठी! येथे थांबावे. रिम हा झिजणारा भाग आहे; ब्रेक लावला की तो थोडा थोडा कमी होतो, आणि तो बदलणे सायकलच्या स्वभावातच आहे. हब तसे नाही. दोन वर्षे थांबावे लागले तरी ४० भोकांची रिम शोधावी, आणि तोवर जुनी पोलादी रिमच स्वच्छ करून वापरावी. तिचे क्रोम पुष्कळदा पाण्यात बुडविलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या कागदाने घासले की उजळते. स्वयंपाकघरात पोळी गुंडाळण्याचा तोच कागद.

आजचे तयार चाक विकत आणून बसविण्याचा मोह वेगळाच. ते बसत नाही, कारण पाच वेगांच्या काळात मागचे हब १२० मिलिमीटर रुंद असे, सहा वेगांच्या काळात १२६, आणि आजच्या रस्त्यावरच्या सायकलींत १३० किंवा त्याहून अधिक. फ्रेम ताणून ते चढविणारे आहेत. पन्नास वर्षांची फ्रेम अशा तऱ्हेने ताणणे हा जीर्णोद्धार नव्हे.

इटलीतील टस्कनी प्रांतात गायोले या गावी १९९७ पासून 'लेरोइका' नावाची जुन्या सायकलींची यात्रा भरते. तेथे १९८७ पर्यंतच्या सायकली चालतात, वेग बदलण्याच्या काड्या फ्रेमच्या खालच्या नळीवर असाव्यात, ब्रेकच्या वायर हँडलबाहेरून जाव्यात, असे काटेकोर नियम आहेत. रिमच्या बाबतीत मात्र आयोजकांनी हात सैल ठेवला आहे. तारा निदान ३२ असाव्यात आणि रिम उथळ, जुन्या छेदाची असावी, एवढे ते पाहतात. नवीन बनविलेली रिमही चालते, साधा टायरही चालतो. खडीच्या उतारावर हजारो माणसे एकत्र उतरताना पन्नास वर्षांच्या रिमची परीक्षा घेणे त्यांना मान्य नाही. हा निर्णय सर्वांनी अनुकरण करावा असा आहे.

परंतु हा सैलपणा चालविण्याच्या वेळचा. विक्रीच्या वेळी तो चालत नाही, आणि व्यापारी घरांना हा मुद्दा निराळा समजावून सांगण्याची गरज नाही. जुन्या सायकलींच्या बाजारात 'ओरिजिनल' हा शब्द तीन निरनिराळ्या वस्तूंसाठी वापरला जातो. एक, सायकल कारखान्यातून निघाली तेव्हा जी रिम होती तीच. दोन, त्याच वर्षांतली व त्याच प्रतीची, पण दुसरीकडून आणून बसविलेली. तीन, आज बनलेली, जुन्या घडणीची. तिन्ही बसविण्यात काही वावगे नाही. तिन्हींचे भाव मात्र एक असू शकत नाहीत, आणि बिलावर तिन्हींना एकच शब्द लिहिणे हा वजनातला खोटेपणा झाला. दुसऱ्या प्रतीचा माल पहिल्या प्रतीच्या भावाने गेला तर विकणाऱ्याला तेव्हा लाभ होतो; पण या बाजारात गिऱ्हाईके थोडी, एकमेकांना ओळखणारी आणि विलक्षण स्मरणशक्तीची. रिमवर ठोकलेला महिना व वर्ष त्यांतला कोणीतरी एक दिवस भिंगाने वाचतोच.

यासाठी लिहून ठेवण्याची सवय असावी. चाके उघडण्यापूर्वी रिमवरची चिन्हे, भोकांची संख्या, तारा एकमेकींना किती ठिकाणी छेदतात ती वीण, व्हॉल्व्हच्या भोकाजवळचा सांधा, हे सर्व टिपून घ्यावे आणि छायाचित्रे काढावीत. नवी रिम कोठून, कधी, किती रुपयांना घेतली तेही त्यातच नोंदवावे. पुण्यातील विक्रम पेंडसे सायकल संग्रहालयासारख्या ठिकाणी जुन्या सायकली ओळीने उभ्या पाहिल्या की ध्यानात येते की वस्तू टिकते, तिची हकीकत टिकत नाही. कोणते चाक कोणी, केव्हा बदलले हे सांगणारा माणूस एका पिढीत निघून जातो.

काढलेल्या जुन्या रिम भंगारात देऊ नयेत. वाकलेल्या असल्या तरी त्यांच्यावरचे शिक्के उपयोगाचे असतात, आणि पुढे कोणाला ४० भोकांच्या जोडीतली एक सापडली तर दुसरी आपल्याजवळ असते. तारा सोडवाव्यात, रिमला यंत्राच्या तेलाचा पातळ हात द्यावा, आणि सुती कापडात गुंडाळून कोरड्या खोलीत खिळ्याला टांगावी. जमिनीवर टेकवून ठेवलेल्या रिमला ओल लागते. बाहेर एक पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधावी, तिच्यावर सायकलचा फ्रेम-क्रमांक, पुढची की मागची, आणि काढल्याची तारीख.